कोरं तोंड

नागपूरहून परत आल्यापासून इतवारी जरा हवेतच चालत होता, आणि कुसुमटोल्यात हे कोणाच्या नजरेतून सुटलं नव्हतं. बायको मनकर्णा भाताची थाळी समोर ठेवायला आली की हा म्हणायचा, उजवीकडून नाई, डावीकडून वाढ. ती बिचारी वळसा घालून डावीकडून यायची, तर तिकडे भिंत. मग थाळी त्याच्या डोक्यावरून खाली उतरायची. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी मनकर्णानं थाळी चुलीपाशीच ठेवली आणि सांगितलं, हातपाय आहेत ना, घेऊन खा.

तसा तो मूळचा साधा माणूस. आलापल्लीच्या पलीकडे सागाच्या जंगलात सरकारचा बंगला होता, त्याचा तो चौकीदार. आधी गोरे साहेब येत, शिकार करत, निघून जात. ते गेले, देशी साहेब आले, तेही तसंच करत. इतवारीचं काम म्हणजे कंदील पुसणं, पाणी भरणं, कोंबडी कापणं आणि सलाम ठोकणं. पण मुंबई राज्यात जिल्हा गेला त्या साली सरकारच्या मनात काय आलं कोण जाणे. हुकूम सुटला की यापुढे बंगल्यावर नुसते साहेब नाही, तर जंगल पाहायला हौशी लोकही येणार, आणि त्यांचं कसं करायचं ते चौकीदारांनी शिकून यावं. चांदा जिल्ह्यातून तिघांना नागपूरला धाडलं. त्यात इतवारी.

तिथं गुणवंतराव नावाचे मास्तर होते. जन्म सगळा मोठ्या हॉटेलात खानसामा म्हणून गेलेला, पांढऱ्या मिशा, आवाज तोफेसारखा. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, पर्यटन. मग समजावून सांगितलं की माणूस आपलं घर सोडून परक्या मुलखात जातो, काही काम नसताना, नुसता पाहायला. पाहतो, खातो, झोपतो आणि घरी परत जातो. यालाच पर्यटन म्हणतात. इतवारीनं हात वर करून विचारलं होतं, मग त्याच्या बैलांकडं कोण पाह्यते? सगळा वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, ज्याच्याकडे बैल आहेत तो पर्यटनाला जात नाही, पण तो आला तर त्याच्या बैलांचीही सोय तू करायची.

दोन महिन्यांत मास्तरांनी त्यांच्याकडून नियम असे घोटून घेतले की झोपेतही हात आपोआप चालावेत. पाहुणा दारात आला की आधी गार पेला, मग नाव-गाव. चाखल्याशिवाय पेला पुढं करायचा नाही. पाहुण्यासमोर थुंकायचं नाही, खाकरायचं नाही, डोकं खाजवायचं नाही. आणि सगळ्यात शेवटचा नियम, जो मास्तर रोज वर्ग सुटताना म्हणत: पाहुण्याला कमीपणा वाटेल असं काही घडू द्यायचं नाही, चूक त्याची असली तरी.

हे सगळं घेऊन इतवारी गावात आला आणि म्हाताऱ्या बापाला शिकवू लागला. बाप वारलू म्हणजे गावचा गायता; देवाचं सगळं त्याच्या हातून व्हायचं. पेरणीआधीची पूजा त्याची, नव्या फळांचे सण त्याचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरून दोन वर्षं झाली होती, माणसं त्याला सावल्यांसारखी दिसायची. इतवारी त्याला म्हणाला, बाबा, गावात पाहुणा आला की तुम्ही लोटाभर पाणी देऊन गप बसता, हे जुनं झालं. आता त्याले विचारा लागते, प्रवास कसा झाला. वारलू म्हणाला, पाणी पेल्यावर तो आपणच सांगते. इतवारीला हसू आलं. अडाणी माणूस, त्याला काय सांगावं, असं त्याच्या मनात आलं, आणि हे मनात आलं होतं हेच त्याला पुढं सगळ्यात जास्त छळणार होतं.

चैत्र सरत आला. आंबे धरले होते. आता कुसुमटोल्यात रीत अशी, की झाडाला फळ लागलं म्हणून कोणी ते तोंडात घालायचं नाही. आधी पंडुम व्हायचा, म्हणजे नव्या फळाचा सण. त्या दिवशी देवाच्या ठाण्यापुढं गायता राखेची रेघ ओढतो. प्रत्येक घरचा कर्ता रेघेपाशी येतो, गायता त्याला विचारतो, तोंड कोरं हाय? म्हणजे यंदाचा आंबा अजून चाखला नाही ना? तो म्हणतो, हव, कोरं हाय, आणि रेघेच्या आत जातो. सगळे आत आले की पहिला आंबा कापून देवाला, मग माणसांना. ज्यानं आधीच खाल्लं असेल त्यानं सरळ सांगायचं आणि रेघेबाहेर बसायचं. त्या साली त्याला आंबा नाही. मारत नाहीत, दंड नाही. नुसतं बाहेर बसायचं. पण आख्खं गाव आत आंबा खात असताना बाहेर बसणं म्हणजे काय, हे बसणाऱ्यालाच ठाऊक.

यंदाच्या पंडुमात आणखी एक गोष्ट होती. वारलूला आता आंब्याचा देठ दिसत नव्हता. त्यानं गावाला सांगून टाकलं होतं की यंदा पहिला आंबा इतवारी कापेल. म्हणजे चाकू त्याच्या हाती, आणि चाकूबरोबर गायतेपणही. इतवारीनं वरवर कुरकुर केली, बंगल्याचं काम सोडून हे कुठी, पण आतून तो फुलला होता.

पंडुमाला तीन दिवस राहिले असताना पहिले खरेखुरे पर्यटक आले. नागपूरचे सबनीस साहेब आणि त्यांच्या बाई. आष्टीच्या घाटावर नदी उतरून, दिवसभर जीपमध्ये धूळ खाऊन, दोघं लाल मातीनं असे माखले होते की ओळखू येईनात. इतवारीनं सलाम केला. पहिला नियम, गार पेला. लिंबं संपली होती. बंगल्याच्या आवारातला आंबा मात्र कैऱ्यांनी लदलेला. तो कोण्या गोऱ्या साहेबानं लावलेला. गावाचा नव्हे, देवाचाही नव्हे, असं इतवारीनं स्वतःला समजावलं. शिवाय पन्हं पाहुण्यांसाठी होतं. पाहुण्याचे देव पाहुण्यापाशी, त्यांना आपली रीत लागू नाही, हे वारलूनंही कित्येकदा सांगितलेलं. इथपर्यंत त्याचं काही चुकलं नव्हतं.

त्यानं कैऱ्या निखाऱ्यावर भाजल्या, गर काढला, गूळ, मीठ, चिमूटभर मिरपूड घातली, माठातलं पाणी ओतलं. इतक्यात सबनीसबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हसऱ्या, बोलक्या बाई. वास किती छान सुटलाय, मी बघू का कसं करता? असं म्हणाल्या. इतवारीचा हात, दोन महिने मास्तरांनी घोटलेला हात, आपला आपण चमच्याकडे गेला. चमचा पातेल्यात बुडाला, तोंडात गेला.

आंबट-गोड चव जिभेवर आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं. थुंकून टाकावं म्हणून तो मोरीकडे वळला. पण बाई समोर उभ्या होत्या, कौतुकानं बघत होत्या. पाहुण्यासमोर थुंकायचं नाही. तो थांबला, आणि त्यानं गिळलं.

‘‘अरे वा, आधी स्वतः चाखून बघता?’’ बाई म्हणाल्या. ‘‘आमच्याकडे मोठ्या हॉटेलांतसुद्धा कोणी करत नाही हो.’’

एक चमचा. अर्धाच म्हणा ना. दिवसभर इतवारी हेच घोकत राहिला. कोणी पाहिलं नाही, झाड गावाचं नाही, आणि मी खाल्लं कुठी, चाखलं. पण घशाखाली गेलेलं काही वर येत नव्हतं. मास्तरांनी शिकवलेल्या नियमांत याच्यावर औषध नव्हतं.

दिवस मावळताना तो घरी गेला. वारलू अंगणात बाजेवर बसला होता. त्यानं इतवारीला जवळ बोलावलं, बस म्हणाला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, पाहुण्याईले काय देलं प्याले? इतवारीच्या तोंडून निघून गेलं, लिंबाचं सरबत. वारलू म्हणाला, हव. आणि तंबाखू मळत बसला. इतवारीला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली. रात्री जेवण गेलं नाही. मनकर्णानं विचारलं तर तिच्यावरच खेकसला.

खरं सांगून टाकायला तीन दिवस होते. नाही सांगितलं. कारण काय, तर भीती. मार नव्हता, दंड नव्हता, पण नागपूरहून शिकून येऊन सगळ्या गावाला उजवं-डावं शिकवत हिंडलेला माणूस, आणि त्याच्याच तोंडाला आवर नव्हता, असं झालं असतं. चुलतभाऊ पोचू तर वर्षभर चिडवत राहिला असता. आणि चाकू गेला असता. त्यावर आणखी एक मूर्खपणा त्यानं करून ठेवला होता: सबनीस साहेबांनी विचारलं, इथं पाहण्यासारखं काय आहे, तर यानं छाती फुगवून सांगितलं, आमचा आंब्याचा पंडुम पाहा, मीच करून राह्यलो यंदा.

पंडुमाच्या सकाळी गाव ठाण्यापाशी जमलं. ऐनाच्या झाडाखाली देव, त्यापुढं वारलूनं चाचपडत राखेची रेघ ओढली. सबनीस दांपत्य बाजूला सावलीत उभं, साहेबांच्या गळ्यात कॅमेरा. एकेक जण पुढं येऊ लागला. पोचू आला, कोलू आला, लच्छूची म्हातारी आई आली, तिच्या घरी आता कर्ता पुरुष उरला नव्हता. प्रत्येकाला वारलूनं एकदाच विचारलं, प्रत्येकानं उत्तर दिलं आणि आत गेला.

इतवारी शेवटी आला. खांद्यावर बंगल्यातला पांढरा फडका तसाच होता, काढायचा राहून गेला होता.

‘‘तोंड कोरं हाय?’’ वारलूनं विचारलं.

‘‘हव, कोरं हाय.’’

वारलू थांबला. त्यानं मान जराशी पुढं केली. मग पुन्हा विचारलं, हळू, जणू दोघांतच बोलावं तसं.

‘‘इतवारी, तोंड कोरं हाय?’’

म्हाताऱ्याला ऐकू कमी यायला लागलं, असं इतवारीला वाटलं. तो मोठ्यानं म्हणाला, ‘‘हव बाबा, कोरं हाय.’’ सगळ्यांनी ऐकलं. वारलूनं चाकू उचलला, मुठीकडून त्याच्यापुढं धरला. इतवारीनं हात पुढं केला.

आणि तेवढ्यात सबनीसबाई पुढं आल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. मुलाचं कौतुक बापाच्या कानावर घालावं, इतकंच. म्हाताऱ्याला नमस्कार करून त्या म्हणाल्या, ‘‘बाबा, तुमचा मुलगा फार गुणी आहे. आलो त्या दिवशी आम्हाला कैरीचं पन्हं केलं. काय चव होती. आणि आधी स्वतः चाखून पाहिलं, माझ्या डोळ्यांदेखत, मगच आम्हाला दिलं. असं शिक्षण मी कुठं पाहिलं नाही.’’

 इतवारीचा हात पुढं केलेला तसाच राहिला.  धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो ना, ते त्याला त्या घडीला अगदी खरोखर हवं होतं. वर बघायची सोय नव्हती. पोचूची पावलं दिसत होती, कोलूची दिसत होती, सगळी पावलं त्याच्याकडे वळलेली. आणि बाईंच्या चपला. बाईंच्या लक्षात यायला लागलं होतं की आपल्याकडून काहीतरी झालं. त्यांनी विचारलं, माझं काही चुकलं का?

वारलू हसला. चाकू त्यानं हळूच मागं घेतला.

‘‘तुमचं काऊन चुकंल बाई. मीच सांगतलं होतं त्याले, पाहुण्याले देण्याआधी घरच्यानं चाखाव. अन् म्या बी पेलो त्यातलं. म्हातारं माणूस, धीर नाई धरवला.’’

मग तो रेघ ओलांडून बाहेर आला. आपली बसायची घोंगडी झटकली, बाजूच्या झाडाच्या बुंध्याशी नीट अंथरली. ‘‘तुम्ही दोघं इथी बसा. माझी जागा हाय, सावली चांगली हाय. पाहुणे बसले म्हणजे देवाले बी बरं वाटते.’’ पोचूच्या दिशेनं चाकू धरून तो म्हणाला, ‘‘पोचू, तू काप. इतवारीले पाहुण्याईकडं पाहा लागते.’’

किती साधं करून टाकलं त्यानं. बाईंना वाटलं, म्हातारा थकला, म्हणून बाजूला बसतोय. त्या खुशीत घोंगडीवर बसल्या. साहेबांनी फोटो काढला. गावातलं एकही माणूस हूं की चूं बोललं नाही. गायत्यानं पाहुण्याला सांभाळलं आहे, तर आता सगळ्यांनीच सांभाळायचं, हे कोणी कोणाला शिकवावं लागलं नाही. इतवारी रेघेबाहेर, पाहुण्यांच्या मागं, खांद्यावर फडका घेऊन उभा राहिला. पळसाच्या पानावर आंब्याच्या फोडी आल्या त्या त्याच्याच हातानं बाईंपुढं ठेवल्या. बाई म्हणाल्या, तुम्ही नाही घेत? तो म्हणाला, पाहुण्यांच्या नंतर.  चार पावलांवर बाप मातीत बसला होता, मोकळे हात गुडघ्यांवर ठेवून.

दुपारी जीप गेली. जाताना बाईंनी बंगल्याच्या शेऱ्याच्या वहीत दहा ओळी लिहिल्या.

इतवारी धावतच ठाण्याकडं आला. माणसं अजून होती, सालं-कोया गोळा करत होती. तो रेघेपाशी उभा राहिला आणि म्हणाला, तोंड कोरं नव्हतं. चमचाभर पन्हं घशाखाली गेलं होतं. बाबानं काहीच पेलं नाही. तो बोलला ते पाहुण्याईसाठी बोलला. हे सांगताना तो रडला, तीस वर्षांचा बाप्या माणूस, सगळ्यांसमोर. पोचूनं त्याला चिडवलं नाही. चिडवलं असतं तर सोपं झालं असतं.

लच्छूची म्हातारी आई म्हणाली, मग आता झालं, वारलूभाऊ, तुमचं तोंड तर कोरं हाय, घ्या आंबा. तिनं फोड पुढं केली. वारलूनं हातानं ती बाजूला सारली. देवापुढं लबाड बोललो, तो म्हणाला, कोणासाठी का असंना. यंदा मले बी आंबा नाई.

संध्याकाळपर्यंत दोघं बापलेक रेघेबाहेर बसून राहिले. बाकीचे घरी गेले. शेवटी इतवारी म्हणाला, मले काऊन दोनदा विचारलं बाबा? तुम्हाले ऐकू आलं नव्हतं?

वारलूनं तंबाखू थुंकली.

‘‘डोळे गेले, नाक नाई गेलं. त्याच सांजेले तू बाजेवर बसला, तुझ्या तोंडाले भाजल्या कैरीचा वास येत होता. तवाच विचारलं. तू लिंबू म्हणालास. मंग म्हटलं, देवापुढं तरी सांगंल. म्हणून दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा माह्यानं नाई झालं.’’

इतवारीनं तोंड दोन्ही हातांत लपवलं. मास्तरांचा शेवटचा नियम त्याला आठवला, आणि तो नियम ज्याला कोणी शिकवला नव्हता तो माणूस शेजारी बसला होता, यंदा आंब्याला मुकून.

गावानं ठरवलं, चाकू पोचूकडेच राहील. इतवारीनं मान हलवली. मनकर्णाला त्यानं पुन्हा कधी डावीकडून वाढायला सांगितलं नाही.

पण बंगला होताच, आणि पाहुणे येतच होते. वैशाखात चांद्याहून एक वकीलसाहेब कुटुंब घेऊन आले. व्हरांड्यात बसून त्यांनी शेऱ्याची वही चाळली आणि सबनीसबाईंनी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं: येथील चौकीदार इतवारी यांच्या हातचं कैरीचं पन्हं अवश्य घ्यावं, ते स्वतः चाखल्याशिवाय पाहुण्यास काही देत नाहीत.

‘‘ते चाखून देणारे इतवारी तुम्हीच का?’’ वकीलसाहेबांनी हसून विचारलं. ‘‘मग होऊन जाऊ दे.’’

इतवारीनं पन्हं केलं. पेला तबकात ठेवला आणि आणून पुढं धरला. ‘‘साहेब, यंदा तुम्हीच चाखा अन् सांगा,’’ तो म्हणाला.

वकीलसाहेबांनी घोट घेतला, जरा विचार केला, आणि म्हणाले, मीठ राहिलंय. इतवारी मान खाली घालून आत गेला, मिठाचं भांडं हातात घेऊन पातेल्यापुढं बराच वेळ उभा राहिला, आणि किती घालावं ते त्याला कळेना.